फावल्या वेळात

"हे दोन शब्द कोणाचे?" जळूबाईंनी छापील पानावर बोट ठेवून विचारलं.

संपादकांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला. "फावल्या वेळात," त्यांनी वाचलं. "कोणाचे म्हणजे? भाषेचे."

"भाषेचे नाहीत. तुमचे आहेत."

"मावशी, बस आधी," भाचीने खुर्ची पुढे सरकवली. "भांडण बसूनही करता येतं."

जळूबाई बसल्या नाहीत. जळूबाई हे विद्यार्थ्यांनी पाडलेलं नाव. खरं नाव त्या पानाच्या डोक्यावर ठळक अक्षरांत होतं. नाव मुलालाही चालणारं, मुलीलाही. त्याखाली चरित्रकोशाची नोंद होती: 'नामवंत स्थापत्य अभियंता व जीवशास्त्रज्ञ. त्यांनी तीन मोठे पूल बांधले. नदीपात्रात मुक्काम असताना फावल्या वेळात त्यांनी जळवांचा सखोल अभ्यास केला व जळूच्या एका नव्या जातीचा शोध लावला. गेल्या वर्षी त्यांचे निधन झाले.' छायाचित्र हवं म्हणून हे पान जळूबाईंच्या जुन्या कॉलेजात गेलं होतं. कॉलेजने ते त्यांच्या घरी पाठवून दिलं.

"पूल बांधले ते गृहस्थ वेगळे," जळूबाई म्हणाल्या. "नाव एक, आडनाव एक. मी त्यांना कधी पाहिलंही नाही. जळवा माझ्या."

"अहो, मग ते निधन…"

"मला मारलंत त्याचा राग नाही. ते आज ना उद्या खरं होईल. पण तीस वर्षं मी त्या पाण्यात उभी होते. ती तुम्ही कोणाच्या तरी फावल्या वेळात घातलीत."

संपादक समजुतीच्या सुरात आले. "एका नावाची माणसं असतातच हो, बाई. आमच्याकडे एका नावाचे चार कवी आहेत."

"मग त्यांची एकच नोंद का नाही केलीत?"

"छे! चौघेही कवी. गोंधळ झाला असता."

"म्हणजे तिथे काळजी घेतलीत. आणि इथे एका बाजूला पूल, दुसऱ्या बाजूला जळू, तर तुम्हाला वाटलं माणूस एकच!"

"पाणी दोन्हीकडे होतं ना," संपादक पुटपुटले. मग जरा धीर करून म्हणाले, "आणि नीट बघा, पानात कुठेही पुरुष म्हटलेलं नाही. सगळीकडे 'त्यांनी' आहे. 'त्यांनी' काय, दोघांनाही चालतं."

"हो. म्हणूनच कोणाच्या लक्षात आलं नाही."

"खरं सांगू का बाई? ते सगळं वर्णन… चिखल, गुडघाभर पाणी, पायांना डसलेल्या जळवा… वाटलं नाही हो."

"काय वाटलं नाही?"

संपादकांनी टेबलावरचा पेपरवेट उगाच फिरवला. "की बाई असेल."

जळूबाई खाली वाकल्या. भाचीला वाटलं, आता बसणार. पण त्यांनी पोटरीवरचं कापड वीतभर वर घेतलं. सुरकुतलेल्या कातडीवर बारीक पांढरे वण होते, एकेक वण तीन रेघांच्या चांदणीसारखा. जळू चावली की असाच उमटतो.

"एका माणसाने नोकरीत तीन पूल बांधले आणि वर सुट्टीत नवी जात शोधली, हे तुम्हाला वाटलं. एक बाई पाण्यात उतरली, हे मात्र वाटलं नाही." त्यांनी कापड खाली सोडलं. "पान कधी जातंय छपाईला?"

"आज संध्याकाळी. पण पुढच्या आवृत्तीत नक्की दुरुस्त करतो. शब्द देतो."

"मागच्या आवृत्तीचे संपादक कुठे असतात हल्ली?" भाचीने विचारलं.

"ते… ते आता नाहीत."

"बरोबर," भाची म्हणाली आणि मावशीसाठी ओढलेल्या खुर्चीवर स्वतःच बसली. आता पान दुरुस्त झाल्याशिवाय या दोघी हलणार नाहीत, हे संपादकांना कळून चुकलं. त्यांनी फोन उचलून छापखान्याला पान थांबवायला सांगितलं. मग कोरा कागद पुढे ओढला.

"वेगळी नोंद करू. सांगा."

जळूबाईंनी सांगितलं. जन्म, शिक्षण, तळी, जातीचं नाव, ती कशी ओळखायची ते. एकही विशेषण नाही. संपादक लिहीत गेले.

"लग्न?"

"अभियंत्यांच्या नोंदीत आहे?"

संपादकांनी पान पाहिलं. "नाही."

"मग पुढे चला."

"झालंच तसं." संपादकांनी लिहिलेलं वरून खाली वाचलं. नोंद त्यांना कोरडी वाटली असावी. "शेवटी एखादी हलकी ओळ असली की वाचकाला बरं वाटतं, बाई. माणूस कळतो. एखादा छंद वगैरे?"

भाचीने डोळे मिटून घेतले.

पहिल्यांदाच जळूबाईंचा आवाज खाली आला.

"आहे एक. लिहा. फावल्या वेळात…"

पेन चालू लागलं.

"…त्यांनी तीन मोठे पूल बांधले."

पेन हाताच्या सवयीने 'त्यांनी'पर्यंत गेलं, आणि तिथे थांबलं.