खुर्चीतला म्हातारा

शेवटच्या वर्षाच्या अ‍ॅनिमेशन फिल्ममधला माझा म्हातारा खुर्चीतून उठताना फुग्यासारखा तरंगायचा. सर म्हणाले, “अंगाला वजनच नाही. खरा माणूस बघून काढ.” बाबांना कॅमेऱ्यासमोर बोलावलं, तर स्वारी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून हजर! “उठा” म्हटलं की टुणकन उभे. “अहो बाबा, नेहमीसारखं उठा ना!” “नेहमी असाच उठतो.” अकरा वेळा तेच. डोक्याला नुसता ताप! वैतागून मी बाहेर गेले. कॅमेरा चालूच राहिला. नंतर पाहिलं: एकटे बाबा खुर्चीचे हात धरून उठायला गेले, दोनदा परत बसले, तिसऱ्यांदा उठून भिंतीला टेकले. तेच हुबेहूब काढलं. फिल्म पाहून बाबा खुर्चीतूनच म्हणाले, “छे! इतकं म्हातारं कोणी असतं का?” “चुकलंच माझं,” म्हणत मी पाणी आणायला आत गेले आणि ते उठेपर्यंत बाहेर आलेच नाही.