सीटखालचा खटका

गवत कापायच्या जुन्या गाडीचं फुटलेलं इंजिन बाबांनी भंगारातले भाग जोडून उभं केलं. सीटखालचा खटका मात्र नवा घातला. माणूस उठला की इंजिन बंद पडायलाच हवं.

"बसून बघ आणि सांग, कसं झालंय," ते लेकीला म्हणाले.

"तुम्ही आणि तुमचं भंगार! उद्या सांगते."

दुसऱ्या दिवशी बाबाच नव्हते.

महिन्याभराने ती गाडीवर बसली. पहिल्याच किल्लीला इंजिन सुरू झालं. ती खाली उतरली, तरी ते चालूच राहिलं.

खटका अडकला असेल, म्हणून ती वळली. रिकामी सीट खाली दबलेली होती. बाबा बसायचे तशी, डावीकडे जरा जास्त.

"झकास झालंय, बाबा," ती म्हणाली.