चुकलं की च्च

मुलुंडच्या घरात गार्गीचा स्टुडिओ म्हणजे कपड्यांचं कपाट. आतल्या गोधड्यांत तोंड खुपसून ती माईकवर गायची आणि भाऊ केयूर बाहेर लॅपटॉपवर रेकॉर्ड करायचा. रविवारी आईबाबांच्या लग्नाला तीस वर्षं होणार होती आणि त्यांचं लाडकं गाणं अजून जमत नव्हतं.

पहिलं रेकॉर्डिंग ऐकताना एक गंमत कळली. जिथे गार्गीचा सूर घसरे, तिथेच मागून कुणीतरी "च्च" करी.

"तू केलंस ना रे?"

"नाही गं! पण बरोबर पकडतंय, यार. फुकटात गुरुजी मिळाले!"

मग खेळच सुरू झाला. च्च ऐकू आलं, की हसायचं आणि ती ओळ परत घ्यायची. संध्याकाळी अख्खं गाणं एकाही च्चशिवाय पार पडलं. एकदम झकास! गार्गीने माईक काढून वायर हातावर गुंडाळली.

तेवढ्यात लॅपटॉपवर आवाजाची रेघ हलू लागली.

स्पीकरमधून कुणीतरी तेच गाणं हळूच गायला लागलं. दुसऱ्या ओळीत सूर घसरला.

"च्च," गार्गीच्या तोंडून सवयीने निघून गेलं.

गाणं थांबलं. कुणीतरी घसा खाकरला आणि ती ओळ परत घेतली.