धाकट्या जावेसारखं

नणंदेच्या लग्नात सगळ्यांच्या नजरा धाकट्या जावेवर, केतकीवरच होत्या. गेल्या वर्षी तिनं छाती भरीव करून घेण्याची शस्त्रक्रिया केली होती. तिच्या अंगावर तो मोरपंखी ब्लाउज असा काही बसला होता, की वृंदा दिवसभर स्वतःचा पदर सारखा करत राहिली.

महिनाभरानं कुणालाही न सांगता वृंदा डॉक्टरांकडे गेली. मोबाइलवरचा केतकीचा फोटो पुढे करत म्हणाली, “माझ्या जावेनं करून घेतलंय. मला अगदी असं हवंय.”

डॉक्टरबाईंनी फोटोकडे नीट पाहिलंही नाही. “आत बसवतात ते जन्मभर टिकत नाही, काही वर्षांनी पुन्हा ऑपरेशन लागू शकतं. काहींची तिथली संवेदनाही जाते. तुम्हाला स्वतःला हवंय का, ते आधी ठरवा. आणि हा फोटो ज्यांचा आहे, त्यांना एकदा विचारा.”

विचारणं जिवावर आलं होतं. तरी मटार सोलता सोलता वृंदानं विचारलंच.

केतकीचे हात थांबले. “तुमच्यामुळेच केलं, वहिनी. थोरलीचं अंग कसं भरलेलं, असं सासूबाई येताजाता म्हणायच्या. आता छातीला स्पर्शच कळत नाही. माझी ओवी बिलगून झोपते, लेकीचा गाल जाणवत नाही.”

वृंदाला वाईट वाटायला हवं होतं. पण आधी बरं वाटलं, आणि मग त्या बरं वाटण्याची इतकी शरम वाटली, की तिला मान वर करवेना. तशीच सरकत तिनं केतकीला जवळ ओढलं. सात वर्षांत पहिल्यांदाच.