नाव बदलले आहे
संशोधनात माहिती देणाऱ्याचं नाव गुप्त ठेवणं हे संशोधकाचं पवित्र कर्तव्य असतं. सासू-सुनांच्या भांडणांचा अभ्यास करणाऱ्या प्राध्यापक हर्षलाने भिसेगावात घराच्या ओटीवर हे समजावल्यावर सुनिताने विचारलं, "मंग माज्या जागी नाव कुनाचं?" "तुम्हीच सुचवा, वहिनी." "विमल टाका." "विमलच का?" "सोपं हाय." हर्षलाला नवल वाटलं, पण सुनिता मोकळेपणी बोलू लागली. भांडण झालं की ती सासूच्या मशेरीत उदबत्तीची राख मिसळायची. सासूला कळलं तर माहेरची वाट ठरलेली. निबंध छापून आला. माहिती देणाऱ्याला प्रत द्यावी, हाही नियमच. हर्षला ती घेऊन गेली, तर सासूनेच हातातून घेतली, चष्मा लावला, राखेपर्यंत सावकाश वाचलं आणि मशेरीची डबी हुंगली. सुनिता तांदूळ निवडत राहिली. सासूने आत हाक मारली, "विमल, बाहेर ये गं." हात पुसत सुनिताची धाकटी जाऊ बाहेर आली.