रिवाजाचा धक्का

चाकापुढे नारळ फुटला, फटाक्यांची लड लागली आणि गाडी काही सुरू होईना.

"पप्पा!" स्टेअरिंगवरून कविता ओरडली. शालू नेसलेली नवरीच गाडी चालवणार होती. ही जुनी लाल स्पोर्ट्स कार तिच्याशिवाय आणि तिच्या बापाशिवाय, म्हणजे निरंजनभाऊंशिवाय, कुणाचं ऐकायची नाही. सीटा दोनच. दुसरीवर नवरदेव योगेश, घामाघूम.

अख्ख्या बुऱ्हाणपुरात ही गाडी ठाऊक. आधी एका मिलमालकाची. मग एका डॉक्टरांची. पेशंटला आडवं करायला जागा नाही म्हणून त्यांनी ती विकली. मग गोटूशेठनं तिच्यातून केळीचे घड वाहिले. शेवटी देडतलाईला तिच्यात कोंबड्या अंडी घालत होत्या. तिथून भाऊंनी ती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत टाकून आणली. कविता तेव्हा दहावीत. रोज संध्याकाळी बापलेक तेलानं माखलेले. पोरीची बिदाई याच गाडीतून, असं भाऊंनी तेव्हाच सांगून टाकलं होतं. लोक हसले होते. आज गाडी चालली नाही तर नाकच कापलं जाणार होतं.

तसं निघायच्या आधी भाऊंनी स्वतः बॉनेट उघडून पाहिलं होतं. "सब बढिया," म्हणाले होते.

"व्याहीबुवा, कोंबड्या परत बोलवा!" नवरदेवाचे वडील दिगंबरराव म्हणाले. सगळा मांडव खिदळला.

गाडीला कुणी डबडं म्हटलं तरी महिनाभर अबोला धरणारे भाऊ आज चक्क हसले. "असू द्या हो. बिदाईच्या गाडीला बापानं धक्का द्यायचाच असतो. आपला रिवाजच आहे. जरा लांबवू, और क्या!"

दोन पावलांचा रिवाज चौकापर्यंत गेला. चौकातून बाजारात. भाचे-पुतणे दमून मागे राहिले, वऱ्हाड रसवंतीवर थांबलं. भाऊ एकटेच कवितेच्या दाराला खांदा लावून ढकलत होते आणि बोलत होते. चहात साखर कमी घे. रागाच्या भरात क्लच सोडू नको. सासूबाईंना उलट बोलू नको; बोललीस तर मला फोन कर. फेटा घसरला होता, डोळे वाहत होते, आणि घामाचं नाव सांगायची सोय होती.

समोर तापीचा पूल आला. पलीकडे जैनाबाद, कवितेचं सासर. तिनं ब्रेक दाबला. तिचंही काजळ गालावर आलं होतं. तिनं मेंदीचा हात बाहेर काढला.

"पप्पा, पूल आला. आता खिशातली कॉइलची वायर द्या, गाडी सुरू करते."