पूजेतल्या घोड्या

गाडीखालून फक्त दोन पाय बाहेर आले होते, गुडघ्यापर्यंत. ऑफिसातून घरी आलेली स्वानंदी ड्राइव्हवेवरच थबकली. पाय तिच्या नवऱ्याचे, यशोधनचे. पुढचं चाक जमिनीपासून वीतभर वर, आणि अठरा वर्षांच्या त्या निळ्या गाडीचा भार एकट्या जॅकवर. मनगटाएवढं ते लोखंड. वर उचललेली गाडी ज्यांच्यावर टेकवायची, त्या घोड्यांपैकी एकही जवळपास नव्हती.

बाजूला शेजारचे उल्हासकाका चहाचा मग घेऊन उभे होते. "ये, ये! यशोधन म्हणाला, गाडीचं सगळं तोच बघतो. म्हटलं, आपण बघू तरी."

गेली चार वर्षं या गाडीखाली तीच झोपत आली होती. ब्रेक तिनं बदलले, बेल्ट तिनं बदलला, अमेरिकेतल्या या ॲन आर्बरच्या थंडीत बोटं बधिर होईपर्यंत. पण तो राग मागाहूनचा. तिनं तो दाताखाली धरला.

"यशोधन, घोड्या कुठेत?"

"पूजेत," गाडीखालून आवाज आला. "खंडेनवमी ना आज. आईनं मांडल्यात. अगं, सायलेन्सरवरचा पत्रा वाजतोय, एक क्लॅम्प टाइट करायचाय. पाच मिनिटं."

"बाहेर ये."

"बघा काका, सुपरवायझर आल्या!"

काका हसले. खालचे पायही हसल्यासारखे हलले. जॅक किंचित कुरकुरला.

स्वानंदी घरात धावली. पाटावर तिची सगळी हत्यारं मांडलेली होती. पाने धाकट्यापासून थोरल्यापर्यंत ओळीनं, धुऊनपुसून, हळदकुंकू लावून. मधोमध दोन्ही घोड्या, गळ्यात झेंडूच्या माळा, लग्नाला निघालेल्या जुळ्या बहिणींसारख्या. पुढ्यात तिच्या सासूबाई, सुमित्राबाई, वातीला तेल घालत बसल्या होत्या. एरवी हे बघून तिचा जीव सुपाएवढा झाला असता. आत्ता तिला तो अख्खा पाट लाथेनं उधळावासा वाटला.

तिनं एका घोडीला हात घातला. सासूबाईंनी वरून तिचं मनगट धरलं.

"आज नाही गं. वर्षभर राबतं बिचारं लोखंड, एक दिवस त्याला विसावा. आता उद्याच शिवायचं."

"आई, यशोधन गाडीखाली आहे."

"आहे ना. मीच म्हटलं त्याला, हे उचलू नकोस, दुसरं काहीतरी लाव. पाच मिनिटांचं तर काम आहे म्हणाला."

हात सुटेना. भांडायला वेळ नव्हता. स्वानंदीनं घोडी सोडली, मनगट हिसडून घेतलं आणि तशीच बाहेर पळाली.

तिनं नवऱ्याचे दोन्ही घोटे धरले आणि ओढलं. हिसका नाही, गाडीला धक्का नाही. चुलीतलं जळतं लाकूड मागं ओढावं तसं, सरळ. अंगाखालच्या पुठ्ठ्यासकट तो बाहेर आला. हातात पाना, कपाळाला काजळी.

"वेड लागलंय का तुला? काकांसमोर..."

"बाजूला हो. काका, तुम्हीही."

"अगं पण झालं काय? इट्स फाइन! इतका वेळ काही झालं का?"

सुमित्राबाई तिच्या मागोमाग दारात येऊन उभ्या होत्या. त्यांच्याकडे एकदा बघून स्वानंदीनं चाकावरच्या पत्र्याला दोन्ही तळवे लावले आणि ढकललं. फार नाही. जड दार लोटावं, तेवढंच.

जॅक कलला आणि कटकन निसटला. गाडी अशी आदळली की काकांचा चहा त्यांच्याच शर्टावर सांडला.

यशोधन वाकून बघत राहिला. गाडीचं पोट आणि जमीन यांच्यात चार बोटांची फट उरली होती. त्याचा हात आपोआप स्वतःच्या छातीवर गेला.

"आता सांग काकांना," स्वानंदी म्हणाली, "गाडीचं कोण बघतं ते."

आवाज फाटला तिचा. निसटलेला जॅक ओढून काढायला ती खाली वाकली.

सुमित्राबाई आत गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या दोन्ही हातांत एकेक घोडी होती. पायात चपलासुद्धा नव्हत्या. लेकाच्या अंगावरून त्या तशाच पुढं आल्या, त्याच्याकडे पाहिलंही नाही. घोड्या त्यांनी सुनेच्या पायाशी ठेवल्या.

"कुंकू पुसू का गं?" त्यांनी हळूच विचारलं. "त्यानं सटकेल का?"

स्वानंदी जॅक पुन्हा गाडीखाली सरकवत होती.

"राहू द्या कुंकू," ती वर न बघता म्हणाली. "माळा तेवढ्या काढा."